एका लग्नाचे दोन हुंडे

मी, कोकिळाबाई भ्रतार रूपराव वैरागडे, वय अडुसष्ट, धंदा सरकी-ढेपेचा, राहणार सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, आज हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला माझे पुतणे पुंडलिकराव दोनदा घरी येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

लेखणी अर्जनवीस मोतीलालजींची आहे, शब्द माझे आहेत. मध्ये मध्ये ते म्हणतात की बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणते, बसवा. मी मेल्यावर मला कुणी विचारायला येणार नाही, म्हणून जे सांगायचं ते आत्ताच कागदावर आलेलं बरं.

१. मिळकत. स्टेशन रस्त्यावरचं घर, पुढे दुकान, मागे दोन खोल्या, न्हाणी, विहीर आणि कडुनिंबाचं झाड. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सरकारी गोदामाची भिंत, उत्तरेला बोळ, दक्षिणेला सोनाराचं घर. ही जागा माझ्या यजमानांनी ढेपेची पोती पाठीवर वाहून, स्वतःच्या कमाईतून घेतली आणि मरण्याआधी माझ्या नावे करून दिली. वाडवडिलांची एक वीटही हिच्यात नाही. तेव्हा वडिलोपार्जित, वडिलोपार्जित असं जे पुंडलिकराव गावभर सांगत फिरतात, ते त्यांनी आता थांबवावं. वडिलोपार्जित होतं ते चार एकर वावर, आणि ते कसं गेलं हे पुढे येतंच आहे.

२. वरचं घर, दुकान, दुकानातला माल, मोठा काटा, लोखंडी वजनं, दुकानाची येणी आणि पोस्टातली माझी शिल्लक, हे सर्व माझ्यामागे माझी सून इंगे हिला मिळावं. पूर्ण मालकीनं मिळावं. तिनं विकावं, ठेवावं, दान करावं, तिची मर्जी. गावात तिला इंगूबाई म्हणतात. ती मूळची पश्चिम जर्मनीची, माझा मुलगा प्रभाकर याची लग्नाची बायको.

हे मी मायेनं देत नाही, असं मोतीलालजींना मुद्दाम लिहायला सांगितलं. माया आहे, ती वेगळी. हे घर म्हणजे परतफेड आहे. आमच्या घरानं तिच्या बापाकडून हुंडा घेतला. हुंडा घेणं कायद्यानं गुन्हा आहे आणि तसाही तो लाजिरवाणा प्रकार आहे. घेतलेला हुंडा परत करण्याची रीत आपल्याकडे नाही. माझ्यापासून सुरू झाली तर होऊ द्या.

३. हे कलम लांबेल. मोतीलालजींनी दौत भरून घेतली आहे.

प्रभाकर माझा एकुलता एक. हिंगणघाटला गिरणीत दोन वर्षं काम करून तो यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेला. तिथे त्यानं मुलगी पसंत केली. लग्नाआधी तो एकटा सिंदीला आला आणि चुलीजवळ बसून मला म्हणाला, "माय, तिकडची रीत उलटी आहे. तिकडे मुलाकडच्याईले द्या लागते. पोरीच्या बापानं अडवून धरलं आहे." मी म्हटलं, जसा देश तसा वेश. आपल्याकडे पोरीचा बाप नागवला जातो, तिकडे पोराची आई नागवली जात असेल. सत्तर साली चार एकर वावर विकलं आणि पैसा त्याच्या हाती दिला. त्यानं तो कसा नेला, कुठे नेला, विचारलं नाही. पोटच्या पोराला पावती मागायची असते का?

आणि व्याह्यांना तरी कसं विचारणार? आपल्याकडे लग्न लागलं की देण्याघेण्याचं तोंडून काढायचं नसतं. व्याह्याला पैशाचं विचारणं म्हणजे सोयरिकीला चूड लावणं, हे मी माझ्या सासूकडून शिकले. शिवाय विचारायचं तर कोणत्या भाषेत? त्यांना आमची येत नाही, आम्हाला त्यांची येत नाही. मध्ये बोलणारा एकच, प्रभाकर. व्याह्यांचं पत्र आलं की तो वाचून दाखवायचा, "सर्वांना नमस्कार, हवा थंड आहे." माझं उत्तर तोच लिहायचा.

त्र्याहत्तर साली तो बायकोला घेऊन इथे राहायला आला, कारखाना काढतो म्हणाला. कारखाना काही निघाला नाही. पंच्याहत्तर साली दोन वर्षांत येतो म्हणून एकटाच परत गेला, तो आजतागायत गेलेलाच आहे. बायको माझ्यापाशी ठेवून गेला, सायकल ठेवावी तशी.

त्या दिवसांत मी तिच्याशी बरी वागले नाही. चार एकर वावर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. साबणाच्या वडीलाही ती माझ्याकडे पैसे मागायची आणि मी गल्ल्याची किल्ली कनवटीला लावून बसायची. मूलबाळ नाही, नवरा नाही, तरी ही जात का नाही, असं बायका नळावर बोलायच्या. मी त्यांना गप्प केलं नाही. ती मात्र दुकानात येऊन बसायची, गाडीवाल्यांचं बोलणं ऐकायची, आणि दोन वर्षांत आमच्यासारखी बोलायला लागली. मला ती माय म्हणते, कारण दुसरा शब्द तिला कुणी शिकवला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत व्याही आले. नाव हेल्मुट. प्रभाकर सांगायचा की त्यांचा अन्नाचा मोठा कारखाना आहे. कारखाना कसला, पावाची भट्टी आहे. पहाटे उठून पीठ मळणारा माणूस, मनगटं ही एवढाली. लेकीला घेऊन जायला आले होते. मी रीतीप्रमाणे कुंकू लावलं, शेला-नारळ दिला, पुरणाचा स्वयंपाक केला. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दारात शेजारणी जमल्या होत्या. विमलाबाई म्हणाल्या, "पाहा बापा, गोरा माणूस, पण रीत कशी पाळून राह्यला. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं खात नाई." सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं. मला वाटलं नाही. मी दुकानदारीण आहे, माणूस रीत पाळतो की राग गिळतो हे मला गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरून कळतं.

मी शेजारणींना घालवून दार लावलं आणि सुनेला म्हटलं, "त्याले इचार, काऊन जेवत नाई."

तिनं विचारलं. मग मला म्हणाली, "तो म्हणते, ज्या घरानं माह्यी लेक पैसे घेऊन ठेवली, त्या घरचं मी खाणार नाई."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पैसे आमी घेतले? त्याले सांग, माह्यं चार एकर वावर गेलं तुह्या लेकीसाठी. माह्या पोराले नागवलं तुमी. आन् तू बी आयक. पैसा गेला, पोरगा गेला, आन् तू येथं माह्या छातीवर बसून राह्यली. हे बी सांग त्याले. सगळं सांग, काई ठेवू नको."

मला वाटलं, हे ती कशाला सांगेल? कोणती बाई आपल्याच अपमानाचा निरोप आपल्या बापाला देईल? काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती पांढरीफटक पडली होती, पण बोलत होती, थांबत थांबत, शब्द शोधत. शेवटी तिला शब्द सापडेना, तेव्हा तिनं स्वतःच्या छातीवर हात थापटून दाखवला. तेव्हा मला कळलं की तिनं तेही सांगितलं.

व्याही उठून उभे राहिले आणि बरंच बोलले. ती मला म्हणाली, "माय, तो म्हणते, पैसे तर तुमी घेतले. तुमच्या देशात पोरीच्या बापाले हुंडा द्या लागते, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं आन् प्रभाकरनं बी सांगतलं. तो म्हणते, भट्टी गहाण टाकून देल्ले. तो म्हणते, तुमी लोभी म्हातारी आहा."

"लोभी?"

"हो. मी त्याले इचारलं, दुसरा शब्द सांगतं का. तो म्हणते नाई, हाच."

मी खाली बसले. मग विचारलं, "पैसे देल्ले कोणाच्या हातात?"

"प्रभाकरच्या."

"आन् मी कोणाच्या हातात देल्ले?"

ती बापाकडे वळली, त्यांना माझा प्रश्न सांगितला, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही सांगितलं. चुलीवरचं कटाचं भांडं उतू गेलं, ते उतरवायलाही कुणी उठलं नाही.

एका लग्नाला दोन हुंडे. पोरीच्या बापानं दिला, पोराच्या आईनं दिला, आणि दोन्ही त्याच एका पोरानं खिशात घातले. इकडे सांगितलं तिकडची रीत, तिकडे सांगितलं इकडची. आठ वर्षं मी त्या माणसाला लुटारू समजत होते आणि तो मला. आमच्यात भांडण लावायला त्याला काही करावंही लागलं नाही. मी रीत म्हणून गप्प बसले, आणि बिचारा हेल्मुट आपली लेक परक्या घरात आहे म्हणून गप्प बसला.

नंतर व्याह्यांनी ताट पुढे ओढलं. चार पोळ्या खाल्ल्या, आणि पुरण फार सैल झालं होतं असं लेकीकडून मला कळवलं. सैल झालं होतंच.

लेकीला ते चल म्हणाले. मीही जा म्हटलं. ती म्हणाली, "तेथं मी टाकलेली बायको होईन. येथं लोकं मले इंगूबाई म्हणतात. मी नाई जात." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कनवटीची किल्ली सोडून तिच्यासमोर ठेवली. तिनं गल्ला उघडला, आणि आदल्या दिवशीची उधारी मी लिहायला विसरले म्हणून मला बोल लावला.

४. लोक विचारतात, परक्या देशाच्या बाईवर एवढा भरवसा कसा? त्याचं उत्तर वर आलं. जी बाई स्वतःला पडलेल्या शिव्या इमानानं पोचवते, ती माझी वजनं हलकी करणार नाही. माझं रक्त म्हणून एकावर भरवसा ठेवला होता. त्यानं काय केलं तेही वर आलं. हा दुसरा भरवसा मी पारखून ठेवला आहे आणि तो मोडायचा कुणाला हक्क नाही.

५. पुंडलिकरावांचं म्हणणं असं की विदेशी माणसाला इथे घर घ्यायचं तर सरकारची परवानगी लागते, तेव्हा हे मृत्युपत्र टिकणार नाही. मी वर्ध्याला जाऊन वकिलांना विचारून आले. वकील म्हणाले, बरोबर आहे, विदेशी माणसाला लागते. पण इंगे सन १९८० पासून भारताची नागरिक आहे. तिचा दाखला लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, ज्याला पाहायचा त्यानं हात धुऊन पाहावा. उलट प्रभाकरनं त्याच्या आधीच तिकडचं नागरिकत्व घेतलं. म्हणजे पुंडलिकराव जो कायदा घेऊन माझ्या सुनेवर धावून आले, त्यात सापडला तर माझा मुलगाच सापडेल. माझ्या घरात विदेशी आहे तो एकटाच.

हे लिहवताना मला आनंद होतो आहे असं कुणी समजू नये. नऊ महिने पोटात वागवलेलं पोर आहे. वाईट वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून घर देता येत नाही.

६. पुंडलिकरावांना पितळी घंगाळ द्यावं. माझे यजमान गेले त्या दिवसापासून त्यांचा त्याच्यावर डोळा आहे. इंगे सोनं घेऊन पळून जाईल असं त्यांनी गावात सांगितलं होतं. सोनं म्हणजे दोन पाटल्या, त्या तिच्याच हातात आहेत, आणि ती दहा वर्षांत नागपूरच्या पलीकडे गेलेली नाही. घंगाळ त्यांनी स्वतः उचलून न्यावं, गाडी पाठवू नये.

७. माझा अग्नीही पुंडलिकरावांनीच द्यावा. त्यांची हौस आहे, आणि इंगेला धूर सोसत नाही. मात्र अग्नी देणाऱ्याला घर मिळतं असा कुणाचा समज असेल, तर तो या कलमानं मी खोडून टाकते. प्रभाकरला तार करावी. त्याच्यासाठी प्रेत ठेवू नये. तेरवी साधी करावी, आणि पुरण घट्ट करावं.

८. तानबा हमाल माझ्या यजमानांच्या वेळेपासून दुकानात आहे. त्याला वर्षाचा पगार एकदम द्यावा आणि दुकानाची सायकल द्यावी. त्यानं काम सोडायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. तो सोडणार नाही, पण विचारावं.

९. प्रभाकरला माझ्या मिळकतीतलं काही मिळू नये. त्याचा वाटा त्यानं आधीच नेला, माझ्याकडचाही आणि सासऱ्याकडचाही. त्यानं तो मोटारींच्या धंद्यात बुडवला असं ऐकते. बुडवायचाच होता तर सांगून न्यायचा होता. मी दिला असता. ही गोष्ट मला वावरापेक्षा जास्त लागली.

१०. पुरवणी. इथवर लिहून झाल्यावर मी सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. व्याही हेल्मुट या जानेवारीत पुन्हा आले आहेत आणि साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. मोतीलालजी म्हणाले, साक्षीदारानं तुमची सही होताना पाहिली म्हणजे पुरे, मजकूर कळायची गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे. न कळता पैसे मोजून आम्ही दोघं एकदा फसलो आहोत. त्यावर मोतीलालजी म्हणाले की मग दुभाष्या दुसरा आणा, ज्या सुनेला घर मिळतं तीच कशी सांगणार? मी म्हटलं, तीच सांगेल.

ती एकेक कलम बापाला सांगत गेली. नवव्या कलमाशी व्याह्यांनी हात वर केला आणि थोडं बोलले. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माय, तो म्हणते, प्रभाकरले काईच नाई असं लिहू नका. तो म्हणते, माणूस म्हातारा होते तवा त्याले एक दार पाह्यजे. घराचं दार त्याच्यासाठी ठेवा."

मी विचारलं, "आन् तू काय म्हणतं?"

"मी तर फक्त सांगून राह्यली."

"तुह्यं इचारून राह्यली मी."

"माह्यं म्हणाल तं ठेवू नका." आणि हे सांगून तिनं स्वतःचं म्हणणंही बापाला जर्मनमध्ये सांगितलं. तिचे डोळे भरले होते. मोतीलालजींनी लेखणी खाली ठेवली.

भट्टी गहाण टाकून फसलेला माणूस फसवणाऱ्यासाठी दार मागतो, आणि जिचं नुकसान होणार ती ते मागणं माझ्यापर्यंत आणून पोचवते. तिनं गिळलं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. तेव्हा दोघांचाही मान राखून लिहवते. प्रभाकर आला तर त्याला जेवू घालावं आणि तीन रात्री बाज द्यावी. त्याला कुणी शिवी देऊ नये. चौथ्या दिवशी त्यानं राहावं की जावं, हे घराची मालकीण ठरवील आणि तिनं ठरवलेलं तो ऐकेल. त्यानं तिच्याशी सरळ बोलावं. मध्ये कुणी दुभाष्या घेऊ नये, आणि स्वतःही कुणाचा होऊ नये. मालकीण कोण, हे कलम दोनमध्ये लिहिलं आहे. त्याला मराठी वाचता येतं.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझा आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. खालच्या दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: कोकिळाबाई रूपराव वैरागडे

साक्षीदार:
१. डॉ. सदाशिवराव नारायणराव ढगे, राहणार सिंदी (रेल्वे). बाईंची प्रकृती आज तपासली. डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं.
२. हेल्मुट ब्राउन, धंदा पावाची भट्टी, पश्चिम जर्मनी. सही त्यांच्या लिपीत. मजकूर लेकीकडून ऐकला, पूर्ण कळला.

लिहिणार: मोतीलाल चांडक, अर्जनवीस, वर्धा. बाईंनी सांगितलं तसं लिहिलं, माझा सल्ला मानला नाही.

ठिकाण: सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा
तारीख: २२ जानेवारी १९८५